धुळ्यातली माझी पहिली आई

मी आजवर बऱ्याच बायकांचा मुलगा झालो आहे. एका मालिकेत आईच्या हातची थप्पड खाल्ली, दुसऱ्या मालिकेत आईच्या चितेला अग्नी दिला आणि संध्याकाळी तिच्याच शेजारी बसून मेकअप उतरवत चहा प्यायलो. यातली पहिली आई मला धुळ्यात मिळाली. तिला मी आजही अक्का म्हणतो.

भडगावला माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजसाठी मी धुळ्याला येऊन खोली घेऊन राहिलो. एका एकांकिकेत मला पाहून गावातल्या हौशी मंडळींनी त्यांच्या नाटकात बोलावलं. तालीम एका प्राथमिक शाळेत, शाळा सुटल्यावर. बाकं भिंतीकडे सरकवायची, खडूची पूड झटकायची की झाला रंगमंच. अक्का त्याच शाळेत शिकवायची. दिवसभर पोरांवर ओरडून तिचा आवाज बसलेला असायचा, पण पदर खोचून उभी राहिली की तो कुठून तरी परत यायचा. तिचे यजमान आमचा पडदा ओढायचे. त्यांना सगळं नाटक पाठ होतं आणि चुकीच्या जागी कुणी टाळ्या वाजवल्या की त्यांनाच राग यायचा.

मला तिच्या मुलाची भूमिका होती. वयाने ती माझ्या खऱ्या आईएवढी, त्यात बाई शिक्षिका, म्हणून मी "अहो अक्का, तुम्ही" असं बोलायचो. दोन-चार दिवस तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "तिथे 'अगं आई' म्हणतोस आणि इथे 'अहो अक्का'? एखाद्या दिवशी जीभ अडखळेल तुझी. काय ते एक ठरव."

तेव्हापासून ती 'तू' झाली.

जळगावच्या प्रयोगात मी पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात उभा राहिलो. दुसऱ्या अंकात एक लांब वाक्य होतं. ते सुरू केलं आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. समोर काळोख, कानात नुसता घूं घूं आवाज. अक्का चुलीपाशी बसली होती. ती उठली, तांब्यातून पाणी ओतलं आणि माझ्याकडे येत म्हणाली, "एवढा कशाला तापतोस? पाणी पी आधी." भांडं हातात देताना तिने पाठ प्रेक्षकांकडे केली आणि माझे पुढचे तीन शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटली. मी खरंच पाणी प्यायलो आणि पुढचं बोललो. परतीच्या टेम्पोत नाटकाच्या सामानावर बसून मी तिची माफी मागायला लागलो, तर ती म्हणाली, "पाणी पिणं चांगलं दिसलं. पुढच्या प्रयोगातही ठेवू या." आणि ते राहिलंच.

नंतर मी मुंबईला गेलो. व्यावसायिक नाटकात बदली कलाकार म्हणून लागलो. एका सिनेमात माझी फक्त पाठ दिसली, दुसऱ्यात मी दारूच्या गुत्त्यावर दोन वाक्यं बोललो. मग मालिका आल्या आणि पोटाची चिंता मिटली. मालिकेचं काम वेगळंच. चेहऱ्याला रंग लागत असताना संवादाचे कागद हातात पडतात, तासाभरात ते बोलायचे आणि संध्याकाळपर्यंत विसरायचे. सहा महिने मी एका घराचा थोरला दीर होतो, त्या घरातल्या एकाही खोलीला छत नव्हतं.

अक्का धुळ्यात बसून हे सगळं बघायची. यजमान गेले, मुली आपापल्या सासरी, दुपारभर टीव्ही तिच्यापुढे. आधी ती फोन करायची. "आज खोटं रडलास," म्हणायची. "डोळे पुसलेस, नाक नाही पुसलंस. रडणाऱ्या माणसाचं आधी नाक वाहतं." पुढे फोन कमी झाले आणि तिचे मेसेज यायला लागले. मला वाटलं, म्हातारपणी टाइप करायची हौस लागली.

अशात एका सिनेमात मला चांगली भूमिका मिळाली. कित्येक वर्षांनी गावी परतलेला मुलगा आणि त्याची आई, एवढीच गोष्ट. चित्रीकरण धुळ्याच्याच बाजूला, सोनगीरजवळच्या एका खेड्यात. दिग्दर्शिका तिशीतली, बोलायला मृदू आणि मताला पक्की. आईसाठी तिला इकडचीच बाई हवी होती, इकडची बोली बोलणारी. मी अक्काचं नाव सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

बेल वाजवली. बराच वेळ वाजवली. शेवटी शेजारच्या बाई बाहेर आल्या. "त्यांना बेल ऐकू येत नाही. मागच्या दाराने जा."

अक्का मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी समोर गेल्यावर दचकली, मग माझ्या दोन्ही गालांवरून ओले हात फिरवले.

"आते कान गया भाऊ," ती म्हणाली. "बाकी बठ्ठं शे." कान गेले, बाकी सगळं आहे.

कानाचं यंत्र घरात होतं, पण त्यात माणसापेक्षा पंख्याचा आवाज मोठा येतो म्हणून ते डब्यात पडलेलं. माणसाचे ओठ बघून तिला बोलणं कळायचं. मला मेसेजचा उलगडा तेव्हा झाला. मी सिनेमाचं सांगितलं तसे तिने दोन्ही हात हलवले. बहिरी बाई सिनेमात काय करणार? मी बादलीतला एक कपडा उचलून दोरीवर टाकला. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "काय काम करते त्यातली आई?"

"म्हणजे?"

"हाताने काय करते? बसल्या बसल्या?"

"मूग निवडते."

"मूग निवडेन मी," अक्का म्हणाली.

दिग्दर्शिकेला मी कानांचं आधीच सांगितलं. ती येऊन भेटली, अक्काच्या हातचं भरीत खाल्लं आणि म्हणाली, चालेल. अक्काच्या घरी आमच्या तालमी झाल्या. मी बोलायचो, ती माझे ओठ बघायची, माझं वाक्य संपलं की तिचं सुरू. सगळं सुरळीत चाललं होतं.

अडचण चित्रीकरणाच्या दिवशी आली. मुख्य प्रसंगात मुलगा आईला इतकी वर्षं का आला नाही ते सांगतो आणि आई त्याच्याकडे एकदाही बघत नाही, हातातल्या सुपाकडे बघत राहते. दिग्दर्शिका यावर ठाम होती, आणि तिचं बरोबरच होतं. पण वर बघायचं नाही तर माझे ओठ दिसणार कसे, आणि आपण कधी बोलायचं हे अक्काला कळणार कसं?

ओट्यावर आम्ही शेजारी बसलो होतो. अक्काने सूप थोडं सरकवलं. "गुडघा लाव माझ्या गुडघ्याला. तुझं झालं की दाब. सुपाखाली कुणाला दिसतंय?"

तसं केलं. पहिल्या खेपेला तिचा आवाज नाटकातला निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. दिग्दर्शिकेने अगदी हळू बोलायला सांगितलं. मी ते ओठांनी अक्काला कळवलं.

"हळू म्हणजे किती? मला माझंच ऐकू येत नाही."

मी तळहात खाली खाली नेऊन दाखवत राहिलो आणि ती त्या बेताने एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. एका ठिकाणी ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मान डोलावली. "एवढंच धर," मी म्हटलं. तिने धरलं.

मग तो प्रसंग झाला. मी बोलत गेलो. शेवटच्या वाक्यात मी असा गुंतलो की गुडघा दाबायचा राहूनच गेला. वाक्य संपलं आणि मी तसाच बसून राहिलो. अक्काची बोटं मुगात थांबली. ती वाट बघत होती. सगळे थांबले होते, पण कॅमेरा चालूच होता. मग मान वर न करता तिने हात पुढे केला. तो माझ्या छातीला लागला, तिथून वर गळ्यापर्यंत आला आणि तिथे टेकून राहिला. मुगाची धूळ लागलेला, खरबरीत हात. माझ्या गळ्यात काहीच हलत नव्हतं.

"जेवीसन उना का तसाच?" तिने विचारलं. जेवून आलास की तसाच, एवढंच तिचं वाक्य होतं.

प्रसंग संपला. दिग्दर्शिका डोळे पुसत आली आणि विचारलं, "आजी, हात लावायचं कसं सुचलं तुम्हाला?" मी ते ओठांनी पोचवलं.

"सुचायचं काय त्यात?" अक्का म्हणाली. "हा बोलतोय का थांबलाय, ते बघत होते."

दिग्दर्शिका रडता रडता हसली. तोच प्रसंग सिनेमात राहिला.

सिनेमा धुळ्यातल्या एका चित्रपटगृहात सकाळच्या खेळाला लागला तेव्हा मी अक्काला घेऊन गेलो. पडद्यापेक्षा ती लोकांची तोंडंच जास्त बघत होती. हाताचा प्रसंग आला. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने चष्मा काढून डोळे टिपले.

"तो चष्मा का काढतोय रे?" अक्काने विचारलं. तिला वाटलं आपण कुजबुजलो. ते सगळ्या चित्रपटगृहाने ऐकलं. माणसं वळली, कुणीतरी पडद्यावरच्या बाईला ओळखलं, आणि रडवेले चेहरे एकदम हसायला लागले. टाळ्या पडल्या. अक्काला वाटलं सिनेमा संपला, ती पिशवी घेऊन उठायलाच लागली.

नंतर हायवेवरच्या हॉटेलात आम्ही शेवभाजी खात होतो. दोन कॉलेजच्या मुली टेबलापाशी आल्या. मी सवयीने हसून तयार झालो, तर त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि अक्काच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. "काका, उभा फोटो काढा हां," एक जण म्हणाली. मी चार-पाच काढले. अक्काच्या हनुवटीला रस्सा लागला होता, तो मी पुसू दिला नाही.

तिला आणखी कामं विचारली गेली. मुंबईच्या कामाला तिने नाही म्हटलं, जवळपासचं असेल तर कळवा म्हणाली. हल्ली मला सेटवर दोन प्रसंगांच्या मध्ये वेळ मिळाला की मी तिला व्हिडिओ कॉल लावतो, ओठ दिसावेत म्हणून. पण फोन म्हटला की तिचा हात सवयीने वरच जातो. मला पडद्यावर फक्त तिचा कान दिसतो, आणि कानातली जुनी कुडी. मी त्या कानाकडे बघत बोलत राहतो. पलीकडून ती मला तिच्या अंगणातलं सगळं सांगते, मग एकदम आठवून फोन समोर धरते आणि म्हणते, "हां, आता बोल."

मी परत पहिल्यापासून सुरू करतो.