न समजणारे भोयर सर

भोयर सर गेले, हे त्यांच्या पत्नीनं, काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "असं कसं?" ...दीड महिना झाला, त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. कसं, ते साऱ्या नागपुरात सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. कळलं माझ्या बारा वर्षांच्या मुलीला, रेवाला. तिनं मला सांगितलंही होतं. मी हसलो होतो.

सरांकडे एका वेळी एकच विद्यार्थी असायचा. मानेवाड्यातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत विद्यार्थ्यानं शिकवायचं आणि सरांनी समजून घ्यायला नकार द्यायचा, ही तिथली रीत. आठवीत असताना 'उणे गुणिले उणे अधिक' हे मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, तर सर डोकं खाजवत म्हणाले, "काहून गा? मले तर नाही समजलं." मी नियम म्हणून दाखवला. "नियम ठीक आहे. पण काहून?" आठवडाभर हेच, का आणि का. शेवटी मी घरी जाहीर केलं की या सरांना गणितच येत नाही. बाबांचं कळमन्याला धान्याचं दुकान. दुसऱ्या दिवशी दुकान सोडून, माझा कान धरून ते तिथे हजर. "मास्तर, पोट्टा म्हणते, तुमाले काही येत नाही."

"बरोबर म्हणते. मंग तुम्हीच सांगा बरं, काहून?"

बाबा बसले. तासाभरानं घामाघूम होऊन उठले आणि रस्त्यात मला म्हणाले, "मोठा डेंजर माणूस आहे गा हा. तू रोज येत जा."

हा किस्सा मी आयुष्यभर विकला. लग्नांत, पंगतींत, खुद्द सरांच्या समोर. रेवाला त्यांच्याकडे पाठवलं, तेही निम्मं या किश्श्याचा दुसरा भाग मिळावा म्हणून. तो मिळाला. यंदा उन्हाळ्यात ती एकदा घरी येऊन म्हणाली, "बाबा, सरांना अर्धं म्हणजे काय तेच समजून नाही राहिलं. चार दिवस झाले, मी कागदाची पोळी फाडून दाखवते." मी इतका हसलो की ठसका लागला. "तुझे आजोबासुद्धा असेच फसले होते!"

ती हसली नाही. "सर सोंग नाही करून राहिले, बाबा. आधी विचारताना त्यांचे डोळे हसायचे. आता ते घाबरतात."

"तू शिकव गं. तेच तर पाहिजे असतं त्यांना."

तिनं शिकवलं. दोन महिने, तोच एक धडा, रोज नवा कागद. मधे मीही पेढे घेऊन गेलो होतो. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तू कोण गा?" आणि मी काय म्हणावं? "सिद्ध करा, सर!" वर टाळीसाठी हात पुढे केला. त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला... मला वाटलं, काय रंगात आलाय म्हातारा!

मग ते न्हाणीघरात पडले आणि तपासणीत डोक्यातली गाठ दिसली. डॉक्टरांनी विचारलं, "यांना समजत नाही हे केव्हापासून?" काकू बिचाऱ्या म्हणाल्या, "हे तर पहिल्यापासून असेच शिकवतात जी." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. दोन महिने आधी आणलं असतं तर, एवढंच म्हणाले. त्याच रात्री काकूंचा तो फोन आला.

रेवा अजूनही रोज पाच वाजता जाते. काकू दार उघडून आत निघून जातात. ती सरांच्या खुर्चीसमोर बसून समीकरण मोठ्यानं सोडवते, प्रत्येक पायरीला थांबते, खुर्चीकडे बघते, मग पुढे जाते. परवा मी बाहेर चपलांपाशी उभा राहून ऐकत होतो. राहवेना. आत जाऊन म्हटलं, "मी बसू का इथे? मला सांग."

तिनं वहीवरची नजर उचलली नाही.

"नको, बाबा. तुम्हाला सगळं आधीच समजलेलं असतं."