रज्जाक मिस्त्रींची तारीख

आई-वडिलांचं ऋण वेगळं. त्यांच्यानंतर या जगात मी सर्वांत जास्त कोणाचा देणेकरी असेन, तर तो रज्जाक मिस्त्रींचा. यवतमाळहून राळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. जीप आणि मोटारींच्या टपावर सामानासाठी लोखंडी कॅरिअर बसवणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक आलं की गाडी कोणती, माप किती, रंग कोणता, यातलं काहीच ते आधी विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला असे : "घरचे किती?"

नुसत्या उत्तरावर त्यांचं समाधान होत नसे. "उद्या घरचे घेऊन या. सामानबी आना," असं सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवीत. दुसऱ्या दिवशी ते दुकानापुढच्या फरशीवर खडूनं गाडीच्या टपाएवढा चौकोन आखत आणि त्यात सगळं सामान रचायला लावत. चौकोनाबाहेर जे उरेल ते घरीच राहील, हा नियम. नवरा-बायकोची भांडणं मी त्या फरशीवर जेवढी ऐकली तेवढी कुठं ऐकली नाहीत.

त्या काळी आमच्याकडे कॅम्पिंग हा शब्द नव्हता; मुक्कामाला जाणं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा पिकं निघाल्यावर सगळं घर जीपमध्ये भरून लोक नदीकाठी, जत्रेला, कुणी उरुसाला जात. दोन-तीन रात्री ताडपत्रीखाली झोपायचं, तीन दगडांची चूल मांडायची. गाद्या, कढया, पिठाचे डबे, कंदील आणि एखादी आजी असं सगळं एका गाडीत मावायला हवं. त्यातलं टपावर काय जाईल आणि काय जाणार नाही, यात मिस्त्रींचा शब्द शेवटचा.

एकदा एका मास्तरांच्या बाई पाटा-वरवंटा घेऊन आल्या. मुक्कामाला चटणी मिक्सरची नको, पाट्यावरचीच हवी, हा त्यांचा हट्ट. मिस्त्रींनी तो पाटा स्वतः उचलून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

"भाभी, चटणी झकास होईन. पन वळनावर आमच्या मास्तरची होईन."

"मंग कुठं ठेवू? डोक्यावर घेऊ?"

"पायाशी ठेवा. जड ते पायाशी, हलकं ते टपावर. संसारातबी असंच राह्यते."

"तुमच्या मास्तरले कुठं ठेवू तेबी सांगून टाका!" बाई म्हणाल्या. सगळ्यांत जास्त मास्तरच हसले.

उंच कठड्याचं कॅरिअर त्यांनी कधी कुणाला करून दिलं नाही. लोक म्हणत, कापसाचे बोचकेच तर न्यायचे आहेत, वजन ते काय! मिस्त्री म्हणत, "कापूस हलका राह्यते, वारा हलका नाही." झाकणाच्या पेटीवरही त्यांचा राग होता. एका साहेबानं टपावर बंद पेटी मागितली तेव्हा त्यांनी समजावलं, "पेटी रिकामी असो का भरली, तेवढीच जागा खाते. ताडपत्री सामान पाहून खाली बसते." तरी साहेबांनी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी पेटी करून दिली, आणि उत्तम करून दिली.

पण मिस्त्रींची खरी ओळख होती त्यांची तारीख. गुरुवारी म्हणाले की गुरुवारी. गाडीच्या अड्ड्यावर ड्रायव्हर लोक एकमेकांना पक्का शब्द द्यायचा झाला की म्हणत, "रज्जाकची तारीख समज." माझे वडील त्याच अड्ड्यावरचे. त्यांच्याबरोबर जाता-येता मी मिस्त्रींना 'चाचा' म्हणू लागलो होतो.

मग कापसाचे वाईट दिवस आले. आमचं शेत नव्हतं. बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याची जीप चालवत. पण आमच्या जिल्ह्यात कापूस पडला की सगळेच थोडेथोडे पडतात. जिनिंग बंद झालं. मिस्त्रींच्या फरशीवर मुक्कामाचं सामान मांडायला कोणी येईना. येत ते कॅरिअर काढून घ्यायला, कारण गाडी विकायची असे. बाबांनी मालकाची ती जुनी जीप स्वतःकडे घेतली. ती सवारीला लावायची, काळी-पिवळी करायची. बाजाराचे लोक बोचक्यांशिवाय चढत नाहीत, म्हणून टपावर कॅरिअर पाहिजे. आणि गाडी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ पळाली तरच घर चालेल, म्हणून दुसरा ड्रायव्हर पाहिजे. तो दुसरा ड्रायव्हर म्हणजे मी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा महिनाभरावर होती.

आम्ही दोघं दुकानात गेलो.

"घरचे किती, देवरावभाऊ?"

"चार. हा पोरगा आता गाडीवर बसते. कॉलेज झालं तेवढं झालं."

"परीक्षा?"

"परीक्षेनं पोट भरते काय मिस्त्री?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होतो. त्यांनी माप घेतलं, टपावरच्या जुन्या पट्ट्या काढून ठेवल्या आणि सांगितलं, "होळीच्या आदल्या दिवशी घेऊन जा."

होळीच्या आदल्या दिवशी कॅरिअर नव्हतं. पाइप आला नाही म्हणाले. धुळवडीनंतर गेलो तर रॉड संपले होते. मग वीज नव्हती, मग घरी पाहुणे होते, मग हात भाजला होता. भाजलेला हात काही मला दिसला नाही.

"मिस्त्री, तुमी तं असे नव्हते!" बाबा अखेर चिडून म्हणाले.

"म्हातारा झालो भाऊ. परवा नक्की."

कॅरिअर नाही म्हणून बोचकेवाले चढत नव्हते. चार सुट्या सवाऱ्यांसाठी दोन ड्रायव्हर लागत नव्हते. बाबा एकटेच गाडी काढत. मी घरी बसून पुस्तकं वाचत होतो आणि मला त्याची लाज वाटत होती. त्या दिवसांत आई भाकरी लहान थापायची, हे मी विसरलेलो नाही.

शेवटचा पेपर दिला आणि त्याच संध्याकाळी निरोप आला : गाडी घेऊन या. मिस्त्रींनी मागच्या खोलीतून कॅरिअर ओढत बाहेर आणलं. रंग खडखडीत वाळलेला होता आणि त्यावर चांगली बोटभर धूळ होती. ते केव्हाच तयार झालं होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि सगळी धूळ पुसली. कॅरिअर बसवून झाल्यावर मिस्त्रींनी मला एवढंच विचारलं, "पेपर कसे गेले?"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. पुढे नोकरी लागली, पुण्याला आलो. हे सगळं त्या पाच आठवड्यांवर उभं आहे.

पण त्या पाच आठवड्यांत बाबांनी अड्ड्यावर रागानं सगळ्यांना सांगितलं होतं की रज्जाकची तारीख आता खरी राहिली नाही. लोकांनी ते धरून ठेवलं. उरलीसुरली कामं दुसरीकडे जाऊ लागली. 'रज्जाकची तारीख' हे शब्द लोक आता थट्टेनं, न येणाऱ्या दिवसासाठी वापरू लागले. धूळ पुसणाऱ्या बाबांना सगळं कळलं होतं. पण आपण रागावून बोललो ते चुकीचं होतं, हे चारचौघांत सांगणं त्यांना जमलं नाही. मलाही जमलं नाही. मी तर शिकलेला होतो. मिस्त्रींनी कधी कोणाला खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांचं नाव राहिलं असतं आणि पोराची परीक्षा बुडवणारा बाप म्हणून माझ्या बाबांचं गेलं असतं.

आता मी मोटार घेतली आहे. मुलांना तलावाकाठी तंबूत राहायचं आहे. मागच्या महिन्यात टपावरच्या सामानासाठी काय घ्यावं म्हणून एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्यानं बंद पेट्या दाखवल्या, उघड्या जाळ्या दाखवल्या, किती किलो चालेल, किती लिटर मावेल ते सांगितलं. तासभर बोलला. घरचे किती, हे काही त्यानं विचारलं नाही. मी वाट पाहत उभा होतो.

घरी येऊन यवतमाळला चार ठिकाणी फोन केले. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मिस्त्री राळेगावला मुलीकडे असतात. मुलगी म्हणाली, "अब्बाचे हात कापतात, आता काम होत नाही. ऐकूबी येत नाही फोनवर. चिठ्ठी धाडा, मी वाचून दाखवीन." म्हणून पत्र लिहिलं. ते असं :

"आदरणीय चाचा, सलाम.

मी देवराव ड्रायव्हरचा मुलगा. तुम्ही माझं कॅरिअर परीक्षा होईपर्यंत मागच्या खोलीत ठेवलं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. बाबांनाही कळलं होतं.

मागच्या आठवड्यात मी बाबांना घेऊन अड्ड्यावर गेलो. जुने सात-आठ जण भेटले. बाबा त्यांच्यापुढं उभे राहिले आणि सगळं सांगितलं. तारीख चुकली नव्हती, चुकवली होती, आणि ती माझ्या पोरासाठी, असं म्हणाले. कोणी हसलं नाही. हे इतक्या उशिरा झालं, त्याची माफी मागतो.

आता एक विचारायचं आहे. माझ्या मोटारीच्या टपावर काय बसवू? आम्ही घरचे चार, आणि तुम्ही आलात तर पाच. तुमच्या हातून काम होत नाही ते ठाऊक आहे. आम्ही गाडी घेऊन राळेगावला येतो, तुम्ही खाटेवर बसून फक्त पाहा आणि सांगा. तोवर टप रिकामाच ठेवतो.

इथला दुकानदार रोज फोन करतो, कोणत्या तारखेला बसवायचं म्हणून. मी त्याला सांगितलं आहे, आमच्या घरची तारीख रज्जाक मिस्त्री देतात."