मीटरवरचं ‘हाय’

१. मी पोटात असताना मायला शुगर निघाली.
२. मी जन्मले. शुगर नॉर्मल झाली.
३. तिने पुन्हा कधी तपासली नाही.
४. गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, नांदेडच्या दवाखान्यात, शुगरच्या मीटरवर आकडा आलाच नाही. एच आणि आय, दोनच इंग्रजी अक्षरं आली.
५. संध्याकाळी माय गेली. हार्ट अटॅक.

बाबांनी ती अक्षरं वाचून मला फोनवर सांगितलं, “मशीन म्हणतीय, हाय.”

मी लॅब टेक्निशियन आहे. त्या ‘हाय’चा अर्थ मला कळला. मीटरला मोजता येते त्याच्याही वर.

माय मला साखरी म्हणायची. अख्ख्या नायगावात सांगायची, “माझी शुगर लेकीनं नेली.”

नेली नव्हती.
गरोदरपणातली शुगर बाळंतपणानंतर बहुतेक वेळा उतरते, हे खरं. पण अशा बाईला पुढे डायबेटीस होण्याचा धोका जन्मभर जास्त राहतो. वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही. म्हणून तपासत राहायचं.

आता बातमी. सकाळपासून ती लिहायला हात शिवशिवतायत.

भाचा श्लोक पोटात असताना माझ्या वैनीलाही शुगर होती. तपासणीचा विषय काढला की म्हणायची, “माझी बी गेली की लेकरासंगं. त्याला आता साखऱ्या म्हणू का?”

परवा ती एसटीने लातूरला माझ्या रूमवर आली. स्वतःहून.
“आत्याबाईंचं, तुझ्या मायचं, वर्ष हाय. घे एकदाचं रक्त.”

काल उपाशीपोटी घेतलं. मग ग्लुकोजचं पाणी दिलं. तोंड वाकडं करून म्हणाली, “पाहुणीला हाच चहा व्हय?”
दोन तासांनी पुन्हा रक्त.

रिपोर्ट आला.
“हाय का न्हाई?”
“न्हाई. उंबरठ्यावर हाय.”

म्हणजे डायबेटीस नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी. खाणं, चालणं, वजन सांभाळलं तर थोपवता येते. मागेही वळवता येते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

मी लॅबमध्ये मोठ्यानं हसले. तिथे मला हसताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

आज वैनी नायगावात, वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकात, एकेका काकूला गाठून विचारून राहिली, “तुमच्या लेकरांच्या वेळेला शुगर निघाली होती का?”

माय, साखरीनं तुझी शुगर नेली नाही. वैनीची मात्र वेळेत गाठली.
तुला नमस्कार.

हे वाचणाऱ्या बायांनो, गरोदरपणात शुगर निघालेली कुणी आहे का? लेकरू आता कितीही मोठं असो. तपासणी कुठे, कशी करायची ते मी सांगते.

येत्या रविवारपर्यंत मेसेज करा. एकच शब्द पुरे.
हाय.