नियंत्रणरावांचं निवेदन

नियंत्रणराव परदेशात नेमकं करतात काय, हे त्यांच्या घरच्यांना कधीच धड सांगता आलं नाही. हुद्दा लांबलचक होता: विभागीय आपत्ती निवारण आणि माहिती अधिकारी. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, तो एकदा पाठ करून बघितला आणि तिसऱ्या शब्दाला नाद सोडला. गल्लीत कुणी विचारलं तर ती शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगायची, "कुठं पूर आला, भूकंप झाला, की आमच्या धाकट्याला सगळ्यात आधी कळतं." नियंत्रणरावांचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्या एका काकांनी यावर शंका काढली होती, की आधी कळतं तर मग सांगत का नाहीत? सगळे हसले आणि चहा आला, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं.

नियंत्रणराव हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते कचेरीतल्या माणसांनी ठेवलं, कारण त्यांच्या प्रत्येक निवेदनात "परिस्थिती नियंत्रणात आहे" हे वाक्य असायचंच. वादळ असो, वणवा असो, डोंगर खाली आलेला असो, परिस्थिती आपली नियंत्रणात. वरिष्ठांना हे वाक्य इतकं आवडायचं की नव्यानं लागलेल्यांना ते नमुना म्हणून दाखवत.

कचेरी एका उंच इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर होती. तिथवर पुराचं पाणी यायचं तर जगबुडीच व्हायला हवी. आत एसी इतका कडक, की उन्हाळ्यातल्या दुष्काळाच्या बैठकीला मंडळी स्वेटर घालून बसायची. भिंतीवर निरनिराळ्या देशांची वेळ दाखवणारी घड्याळं होती. त्यातलं एक बंद पडलेलं होतं आणि त्या देशाची वेळ प्रत्येक जण मनानंच लावायचा. कोपऱ्यातल्या कपाटात जीवरक्षक जॅकेटं होती, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. कपाटाची किल्ली ज्या कारकुनाकडे होती तो बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बायकोसोबत रजेवर होता.

आणि निवेदनाची तर तऱ्हाच न्यारी. विभागात चार-पाच देश येत. नियंत्रणरावांचा स्वतःचा देशही त्यात होता, आणि त्या भाषेतलं निवेदन तेच लिहीत. मसुदा तयार झाला की तो टेबलाटेबलावरून फिरायचा. नियम असा होता, की शब्द काढायला कुणालाच विचारावं लागत नसे, पण नेहमीची धीराची वाक्यं सोडून काही घालायचं झालं तर संचालकबाईंची सही लागे. संचालकबाई बहुतेक वेळ आपत्तीवरच्या कुठल्यातरी परिषदेत असत. त्यामुळे घालायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही, काढण्याचा मात्र सगळ्यांना भारी उत्साह. मेथी निवडावी तसं निवेदन निवडलं जायचं, फरक एवढाच की इथं पानं टाकून काड्या ठेवत. "घरात पाणी शिरलं" याचं "पातळीत वाढ" व्हायचं, "माणसं छपरावर अडकली" याचं "नागरिक उंच ठिकाणी सुरक्षित आहेत" व्हायचं.

नियंत्रणराव जन्मतःच असे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एकदा सरळ लिहून टाकलं होतं, की अमुक धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपतं आहे. लोक जीव घेऊन पळाले, एक बस खड्ड्यात उलटली, काहींची हाडं मोडली. धरण मात्र जागचं हललं नाही. संचालकबाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "लोक पाण्यानं मरत नाहीत, घाबरून मरतात. तुम्ही आज हाडं मोडलीत." त्या मोडक्या हाडांनी नियंत्रणरावांची कितीतरी दिवस झोप उडवली. माणूस पापभीरू होता. त्यानं ठरवलं की आपल्या लेखणीनं पुन्हा कुणी पळणार नाही. मग दुसऱ्यांनी काढण्याआधी ते स्वतःच शब्द काढू लागले. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हे गृहस्थ ताक तर फुंकायचेच, वर ते दुसऱ्याला थंड आहे म्हणून सांगायचे.

तिकडे गावी हे निवेदन रेडिओवर सकाळ-संध्याकाळ वाचलं जाई. ताईच्या दुकानात कापडांच्या फळीवर एक जुना रेडिओ होता. आईवडील लवकर गेल्यावर हिनंच लोकांचे कपडे शिवून धाकट्याला शिकवलं, परदेशी जाताना त्याच्या अंगावरचा कोटही हिनंच शिवला. एक बाही जराशी आखूड झाली होती आणि ती अजून त्यावर हळहळायची. निवेदनाची वेळ झाली की ती मशीन थांबवायची, आवाज मोठा करायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "हे आमच्या धाकट्यानं लिहिलंय." गल्लीचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता. आभाळात ढग दाटलेले असले, तरी निवेदनात उघडीप असेल तर बायका कपडे वाळत घालायच्या.

त्या दिवशी सकाळी नियंत्रणरावांच्या टेबलावर ठिकठिकाणचे अहवाल येऊन पडले होते. एकात लिहिलं होतं, की वरच्या भागात पाऊस थांबत नाही, रात्री धरणाचे दरवाजे उघडावे लागतील, नदीकाठच्या सखल वस्त्यांनी आजच उंचावर जावं. नियंत्रणरावांनी एका हातात चहा धरला, दुसऱ्या हातानं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "परिस्थिती नियंत्रणात आहे. घर सोडण्याची घाई करू नये." नदी कोणती हे त्यांनी पाहिलंही नाही. हात सवयीनं चालला. निवेदन गेलं, चहा संपला.

दुपारी नकाशावाली आली. ही कचेरीत नकाशे काढणारी, कामाशी काम ठेवणारी बाई होती. तिनं कागद पुढं सरकवला. नदीच्या दोन्ही बाजूंना निळा रंग पसरलेला होता.

"दरवाजे उघडल्यावर पाणी इथपर्यंत येईल," ती म्हणाली. "हे तुमचंच गाव ना?"

नियंत्रणरावांनी चष्मा लावला. नदीचं वळण, पूल, पुलाशेजारचा बाजार आणि बाजारामागची गल्ली. सगळं निळ्याखाली. त्यांची पाचावर धारण बसली. आयुष्यभर दुसऱ्यांचे पूर वाचलेल्या माणसाला स्वतःच्या गावचा पूर ओळखायला नकाशावाली लागली. त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, ऐक. दुकान बंद कर आणि आत्ताच्या आत्ता टेकडीवरच्या शाळेत जा."

"का रे? काय झालं?"

"रात्री पाणी येणार आहे. तुमची गल्ली बुडणार आहे."

"काहीतरीच तुझं! इथं नगरपालिकेचा ट्रक येऊन उभा आहे मघापासून, तो ड्रायव्हरही हेच बरळतोय. मी त्याला सांगितलं, बाबा रे, तुला जास्त कळतं की माझ्या भावाला? सकाळीच सांगितलंय त्यानं, घाई करू नका म्हणून."

"ताई, ते चुकीचं होतं!"

"ते कसं चुकेल? तूच लिहिलंस ना?"

"मीच लिहिलं! म्हणून तर सांगतोय!"

ताई हसली. "हे बघ, कचेरीत बसून लिहितोस ना, तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर असतं. घरचा विषय आला की तू घाबरतोस. लहानपणापासून भित्राच तू. पाण्यात पाय घालायचा तर माझा पदर धरायचास. आता ती सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी उठले की गल्ली उठेल, आणि मग तुझी शोभा होईल. आणि गिऱ्हाइकांचे कपडे कुणाच्या भरवशावर टाकू? संध्याकाळचं निवेदन ऐकते, मग बघू."

"ताई, अगं..." म्हणेपर्यंत फोन कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा लावला. लाईनच गेली होती.

आता उरला रेडिओ. नियंत्रणरावांनी घाईघाईनं संध्याकाळचं निवेदन लिहिलं: धरणाचे दरवाजे उघडणार, ताबडतोब घरं सोडा. पण सकाळी खोडलेली ओळ परत घालायची तर सही हवी. संचालकबाई परिषदेत होत्या. त्यांच्या मदतनीसानं फोन उचलला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मॅडम व्यासपीठावर आहेत."

"दोन मिनिटं द्या म्हणावं. माणसं बुडतायत."

"भाषण चालू आहे हो. विषय आहे, आपत्तीत वेळेचं महत्त्व. मध्येच कसं उठवू?"

तोवर मसुदा टेबलाटेबलावरून फिरायला निघाला होता. कायदेवाल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "घरं सोडा म्हणताय. उद्या पाणी आलंच नाही आणि मागं चोऱ्या झाल्या तर? जबाबदार कोण?" त्यांनी ती ओळ काढली. पुढच्या टेबलावर "धरण" गेलं, कारण ते दुसऱ्या खात्याकडे येतं. त्याच्या पुढच्या टेबलावर "ताबडतोब" गेलं, कारण ते जरा उद्धट वाटतं. कागद फिरून परत आला तेव्हा त्यावर एकच वाक्य होतं, आणि तेही नियंत्रणरावांनी हातानं लिहिलेलं नव्हतं. दरवेळी असतंच म्हणून कुणीतरी आपणहून ठेवून दिलेलं: परिस्थिती नियंत्रणात आहे.

नियंत्रणराव त्या वाक्याकडे बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याची शिसारी आली. वेळ भरत आली होती. आता काही लिहिणं त्यांच्या हातात नव्हतं. पण निदान हे खोटं आपल्या हातानं पुन्हा तिच्या कानात घालायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी पेन उचललं आणि तेही वाक्य खोडलं. काढायला सही लागत नव्हती. मग एकही शब्द न उरलेला तो कागद खणात टाकून ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली एक माणूस पाण्याच्या पाइपनं रस्ता धूत होता.

त्या संध्याकाळी निवेदन गेलं नाही. त्या कचेरीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संचालकबाई परतल्या त्या रागानं लाल होऊनच. "निवेदन कुठं आहे? खुलासा द्या!" पण दुपारी गावाकडून अहवाल आला आणि बाईंचा चेहरा खुलला. धरणाचे दरवाजे उघडले, बाजारामागची वस्ती छपरापर्यंत पाण्याखाली गेली, जीवितहानी नाही. "बघा!" त्या म्हणाल्या. "आपल्या वेळेवर दिलेल्या माहितीचं यश. यावर एक छानशी यशोगाथा लिहा. खुलाशाचं राहू द्या."

सगळ्यांनी अभिनंदन केलं. नियंत्रणराव मात्र तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचत राहिले. "जीवितहानी नाही" हे वाक्य कसं तयार होतं, हे त्या अख्ख्या मजल्यावर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जे सापडले नाहीत ते मोजायचे नाहीत, ही युक्ती त्यांनी स्वतः कितीदा वापरली होती. अहवाल खरा असेलही. पण खरं आणि खोटं दोन्ही एकाच शब्दांत लिहायची सवय असलेल्या माणसानं कशावर विश्वास ठेवायचा? ते घरी गेले, बायकोनं पुढं ठेवलेलं ताट तसंच ठेवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसले. बायको शेजारी बसून राहिली. तिलाही ताईनंच लग्नातला शालू शिवून दिला होता, म्हणजे त्यावरचं पोलकं.

फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"धाकट्या, मी रे, मी," ताईचा आवाज घोगरा झाला होता. "शाळेतल्या मास्तरांच्या फोनवरून बोलतेय. सगळे आहोत. मशीन गेली, दुकान गेलं. गिऱ्हाइकांचे कपडे तेवढे गाठोड्यात बांधून आणले."

नियंत्रणराव ताडकन उठून उभे राहिले.

"निघालात कसे?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी सगळी गल्ली दुकानात जमली होती निवेदन ऐकायला. वेळ झाली. रेडिओ नुसता खरखरला, मग कुणीतरी वाजंत्री लावून दिली. तुझं काहीच आलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या अंगावर काटा आला रे. म्हटलं, माझा भाऊ कधी गप्प बसत नाही. तो गप्प बसलाय, म्हणजे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हटलं, उठा. तो ट्रकवाला बिचारा शिव्या देत का होईना, पण थांबला होता." ताईनं नाक ओढलं. "इतकी वर्षं तू बोलत होतास, तोवर आम्ही बसून राहिलो. काल गप्प बसलास, तेव्हा उठलो."

नियंत्रणराव लहान मुलासारखे रडले. ताईनं रडू दिलं.

"बरं, आता सांग," मग ती म्हणाली. "पाऊस थांबलाय. इथं सगळे विचारतायत, घरी परत जायचं का? तू सांगशील तसं करतो."

वाक्य तयार होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते आपणहून जिभेवर आलं होतं. नियंत्रणरावांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही, ताई," ते म्हणाले.

मग ताई फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "त्याला माहीत नाही म्हणतोय. आज इथंच थांबायचं. अंथरुणं घाला."