देवापुढे दात काढू नकोस

देव आपलं ऐकतो की नाही, ही शंका मला कधी फारशी आली नाही. ऐकतोच, असं धरून चालत आले. पण आपल्या तोंडून भलतंच काही निघून गेलं आणि त्यानं नेमकं तेच ऐकलं तर, या विचारानं मात्र एकदा माझी झोप उडाली होती. आम्ही तेव्हा जळगावात राहत होतो. माझी वैशू सहा वर्षांची होती आणि तिचा वरचा पुढचा दात हलायला लागला होता. सगळ्यांच्याच पोरांचे हलतात. पण मला उगाच भरून यायचं. तो दात उगवला तेव्हा दूध पिताना वाटीवर टणकन वाजला होता, आणि मी शेजारपाजार गोळा केला होता. आता तोच जाणार आणि त्याच्याबरोबर माझं तान्हं बाळही जाणार, असं वाटायचं. हे म्हणायचे, "दात तिचा पडतोय, रडतेस तू."

अशात एका चतुर्थीला आम्ही पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलो. तिथे गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या सोंडेचा. ते पाहून वैशू मोठ्यानं म्हणाली, "आई, एक हरवला तर असावा म्हणून दुसरा ठेवलाय का?" आणि खिदळायला लागली. मागे रांग, पुढे गुरुजी डोळे वटारून उभे. मी तिचा दंड दाबून म्हणाले, "देवापुढे दात काढू नकोस!" पोरगी तिथल्या तिथे गप्प झाली. मला वाटलं, शहाणी आहे माझी लेक.

शहाणपण घरी आल्यावर कळलं. ह्यांनी दाताला दोरा बांधायला घेतला तर तिनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांकडे नेलं तर तिथेही तेच. "आईनं देवापुढे सांगितलंय, दात काढू नकोस." डॉक्टर हसले, पण म्हणाले, नवा दात आतून ढकलतोय, हा लवकर निघाला नाही तर तो वाकडा येईल. मी तिला जवळ घेऊन समजावलं, अगं राणी, दात काढणं म्हणजे हसणं, मी तुला हसू नको म्हणाले होते. तिनं विचार केला आणि त्या दिवसापासून हसणंही बंद केलं. देवाला नक्की काय नको आहे ते कळत नाही, म्हणून दोन्ही बंद. भाकरी सुटली. केळी कुस्करून खाऊ घालायची, एवढंच राहिलं. त्याचं मला काही नाही, जळगावात केळ्यांना काय तोटा. पण आमच्या घरात हसायचं ते हेच एक माणूस. ह्यांनी तोंडं वेडीवाकडी केली, शेजारच्या नानांनी माकडाचे आवाज काढले, तरी ही तोंडावर हाताचं झाकण लावून बसलेली. घर अगदी मुकं झालं आणि मी मनातून घाबरले.

हे चेष्टेनं म्हणाले, "शब्द तू काढलास, तूच जाऊन मागे घे." मला ते पटलं. एरंडोलपर्यंत एसटीनं आणि पुढे मिळेल त्या जीपनं मी वैशूला घेऊन पुन्हा पद्मालयाला गेले. वाटेत देवाला सारखी विनवत होते, दात पडू दे. आणि खरं सांगते, त्याच दमात आतून म्हणत होते, एवढ्यात नको रे पाडू. अशा बाईचं देवानं तरी काय ऐकायचं!

देवळाबाहेर एक म्हातारी जास्वंदीची फुलं आणि दूर्वा घेऊन बसली होती. तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर गेले तेव्हाही ती दिसली नाही. फुलं देताना तिनं वैशूला अहिराणीत विचारलं, "काय व माय, तोंड काब्र बंद शे?" तोंड का बंद, त्याची सगळी कहाणी मी सांगितली. म्हातारीनं वैशूकडे वाकून आपलं तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता. म्हणाली, "मना बठ्ठा दात पडी ग्यात, मी कोनले इचारं व्हतं? आते देवपुढे कितलीबी हासस, दात काढाले दातच नहीत!" आणि त्या पोकळ तोंडानं ती अशी हसली की वैशूचा हात सुटला. पोरगी फसकन हसली आणि दात उडून टोपलीतल्या लाल जास्वंदीवर पडला.

मी तिथेच रडायला लागले. कशासाठी, ते आजही नीट सांगता येणार नाही. दात उंदराच्या बिळात टाकतात, पण आमच्या घरी फरशी, बीळ कुठून आणणार? वैशूनंच मार्ग काढला. देवळापुढे मोदक धरून बसलेला दगडी उंदीर आहे, त्याच्या पायाशी तिनं दात ठेवला आणि त्याच्या कानात बराच वेळ काही सांगितलं. काय सांगितलंस विचारलं तर बोलेना.

ते कळलं नवा दात दिसला तेव्हा. मी आनंदानं तिला आरशापुढे उभी केली, तर ती रडायलाच लागली. "मी उंदराला सांगितलं होतं, आधी गणपतीचा तुटलेला दात आणून दे, मग माझा. माझा आधी कसा आला?" मी पदरानं तिचे डोळे पुसले. मग म्हणाले, "मी तुम्हाला वाढून शेवटी जेवते ना? गणपतीही तसाच आहे. पोरांचं आधी."

बोलताना माझं मलाच लख्ख कळलं. माझ्या लेकीचं काय कधी न्यायचं आणि काय कधी द्यायचं, हे बघणारी आणखी एक आई आहे. ती घेतेसुद्धा आधी हळूहळू हलवून, दुखू नये म्हणून. मी निवांत झाले, आणि मनातल्या मनात हात जोडले.

वैशूनं कोनाड्यातल्या गणपतीच्या तसबिरीकडे नीट निरखून पाहिलं, आणि नवा, थोडासा वाकडाच आलेला दात दाखवत देवापुढे मनसोक्त दात काढले.