उताराला न्यूट्रल

आमची गाडी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही, आणि तिला चार्जिंगची वायर लागत नाही, हे मी केजमध्ये निदान शंभर माणसांना सांगितलं असेल. एकालाही पटलं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी शाळेतून आले की चहाच्या आधी विचारायच्या, "गाडी चार्जिंगला लावली का न्हाई?" ती चालता चालता आपली आपण चार्ज होते, असं मी म्हटलं की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मला कुणी बाजारात भाकड शेळी दुभती म्हणून गळ्यात मारली होती. त्यांचं आयुष्य शेळ्यामेंढ्यांत गेलेलं. खाल्ल्याशिवाय कोणी दूध देत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत.

मी चौसाळ्याच्या शाळेत शिकवते. गाडी येण्याआधी केज ते मांजरसुंबा एक जीप आणि तिथून पुढं दुसरी, असा माझा रोजचा प्रवास होता. जीप भरल्याशिवाय हलायची नाही आणि शाळेची घंटा माझ्यासाठी थांबायची नाही, या दोघींच्या कात्रीत माझी अकरा वर्षं गेली. मग पुण्याच्या मामेभावानं त्याची वापरलेली गाडी विकायला काढली आणि मी कुणाला फारसं न विचारता ती घेतली. पहिल्या दिवशी मी शाळेत वीस मिनिटं आधी पोचले. शाळेचं कुलूप अजून उघडलं नव्हतं, म्हणून गाडीतच बसून राहिले. शेजारी कुणाची पिशवी नाही, मांडीवर कुणाचं पोर नाही. मला इतकं बरं वाटलं की नंतर आठवून माझीच मला लाज वाटली.

गाडी शिकवली मिस्टरांनी. आता त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, पण त्याआधी चौदा वर्षं त्यांनी केज-बीड रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. त्यांच्या शिकवणीत गिअर, आरसा, इंडिकेटर सगळं होतं, पण सगळ्यांच्या वर एक नियम होता. "उतार लागला की न्यूट्रल. पेट्रोल फुकट कावून जाळायचं?" आमच्या रस्त्यावरचे सगळे जीपवाले हेच करतात. रांगेत उभं राहिलं तरी न्यूट्रल. हे न करणाऱ्याला आमच्याकडे ड्रायव्हर म्हणत नाहीत, हौशी म्हणतात. मी मिस्टरांचं बाकी काही फारसं ऐकत नाही, पण हे मात्र मन लावून शिकले. आमची गाडी ऑटोमॅटिक असली तरी न्यूट्रल तिलाही होतंच.

गाडीच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र आहे आणि त्यात आठ रेषा. माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्या रेषांवर असायचं. आठ कधी दिसल्याच नाहीत. सकाळी चार, कधी पाच, बाजारातून आलं की दोन. आमच्या घरात इन्व्हर्टर आहे, मोबाईल आहेत, त्यामुळे बॅटरी भरलेली असली तरच ती चांगली, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यात गाडी शाळेच्या फाटकाशी उभी असताना, एसी चालू ठेवून मी कुणाची तरी वाट बघत असताना, इंजिन आपोआप सुरू व्हायचं. मी दचकायची. कुणाला सांगायची मात्र नाही, कारण गाडी माझ्या हट्टानं आली होती.

मग एका शनिवारी प्रशिक्षणासाठी बीडला जाताना मिस्टर सोबत होते. मांजरसुंब्याचा घाट उतरलो आणि खाली पोचलो तेव्हा दोनच रेषा उरल्या होत्या. फाट्यावर थांबलो तर इंजिन घुरघुरायला लागलं. मिस्टरांनी पडद्याकडं बघितलं, बॉनेटकडं बघितलं, आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणाले, "बॅटरी गेली हिची. चालतीया तवर इकून टाकू."

मी भांडले. रात्रभर धुसफुसले. पण नव्या बॅटरीचा खर्च आपल्या आवाक्यातला नाही, हे मलाही कळत होतं. आठवड्याभरात दिंद्रुडचा एक घेणारा मिळाला, पुढच्या रविवारी बघायला येणार होता. मी हो म्हणाले. खरं सांगते, त्या आठवड्यात वर्गात मुलांवर मी विनाकारण खेकसले. सोमवारपासून पुन्हा त्या जीपच्या दारात उभं राहायचं होतं.

एक अट मात्र मी घातली. घेणाऱ्याला फसवायचं नाही. बॅटरी खराब आहे, एवढं मिस्टरांनी त्याला फोनवर सांगितलंही. पण पुरतं खरं सांगायचं तर आधी खरं काय ते आपल्याला कळायला हवं. म्हणून रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही बीडच्या एका मेकॅनिककडं गेलो. मिस्टरांची जीप त्याचे अब्बा दुरुस्त करायचे. आता गॅरेज त्याच्याकडं होतं आणि त्याच्याजवळ तपासायचं यंत्रही होतं. ते त्यानं स्टिअरिंगखाली जोडलं, गाडी चालू केली आणि मोबाईलवर आकडे बघत बसला. मी मेकॅनिकच्या तोंडाकडं बघत बसले.

"चौदा खाने हायेत बॅटरीत, समदे सारखे," तो म्हणाला. "एक बी कमजोर न्हाई. बॅटरी तंदुरुस्त हाय."

मिस्टरांना पटेना. "मग भरत कावून न्हाई?"

"काठोकाठ भरूच देत न्हाई गाडी, भाऊ. आन पार रिकामी बी होऊ देत न्हाई. मधातच ठेवती, म्हून तर इतकी वर्सं टिकती."

"आन हुबी असताना इंजन चालू होतंय ते?"

"कमी झाली की भरून घेती. कामच हाय ते तिचं." मग त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "पर घाट उतरून दोनच रेघा म्हनता? उतारावर तर ती भरायला पायजे. चला, मला दावा."

तो शेजारी बसला, मिस्टर मागं. घाट चढताना इंजिनानं जोर लावला, बॅटरीनंही लावला आणि वर पोचेपर्यंत तीन रेषा राहिल्या. वळून परत निघालो. पहिला उतार आला आणि माझा हात सवयीनं गिअरच्या दांड्यावर गेला.

"मॅडम, हे काय केलं?"

"न्यूट्रल."

"कावून?"

मी आरशात बघितलं. मिस्टर डोंगराकडं बघत होते, जणू तो त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

"उतार आहे ना," मी म्हणाले.

मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. "न्यूट्रलमधी ही गाडी चार्जच होत न्हाई, मॅडम. उताराला चाकं फिरत्यात, त्याचीच वीज बनून बॅटरीत जाती. तुमी ऐन उतारालाच तिची वाट बंद करता. आन घाटात समदा भार ब्रेकवर, ते येगळंच. डी मधी घ्या. हलका ब्रेक धरा. आता बगा पडद्याकडं. न्हाई, तुमी रस्त्याकडं बगा. मी सांगतो."

मी डी मध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये, घेतलं. दुसऱ्या वळणावर तो म्हणाला, "चार." पुलाजवळ, "पाच." मग आणखी दोन वळणं गेली. "सहा." घाट संपता संपता सात. माझा जीव भांड्यात पडला. गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून मी चक्क रडले. डोळे पुसून झाल्यावर विचारलं, "मग आठ का नाही झाल्या?"

"आता लालूच करू नका, मॅडम," तो म्हणाला.

त्याला गॅरेजवर सोडलं. मिस्टर पुढं येऊन बसले. गाडी सुरू करणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दिंद्रुडचा घेणारा होता. उद्या किती वाजता येऊ, असं विचारत होता. त्याचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"गाडी इकायची न्हाई आता," मिस्टर म्हणाले.

"कावून बरं? बॅटरी खराब हाय म्हनला व्हता ना?"

"बॅटरी चांगली हाय." मिस्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आमच्या हिला गाडी शिकविणारा खराब व्हता."

"कोन व्हता तो?"

"हाय एक. घरचाच हाय."

फोन खिशात टाकून त्यांनी बेल्ट लावला आणि समोर बघतच म्हणाले, "चल घरी. सोमवारी शाळा हाय तुला."