दीपमालाबाईंनी लाइनवरचे बोलणे बंद केले, त्याची हकिगत

दीपमालाबाई खरात यांची ओळख हे लिहिणारीस मुकुंदवाडीच्या विहारात भरणाऱ्या साक्षरता वर्गात झाली. लिहिणारीचे नाव वच्छलाबाई. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिने पाटी हातात घेतली, तेव्हा पहिले अक्षर गिरवताना जिने मनगट धरले ती शिक्षिका म्हणजे दीपमालाबाई. दोन वर्षांत त्यांनी आपली हकिगत थोडी थोडी करून सांगितली. ती त्यांच्या संमतीने येथे लिहिली आहे, आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्यांची बाजू कोठेही सावरून घेतलेली नाही.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मलमाच्या ट्यूब आणि औषधाच्या बाटल्या भरणारी एक कंपनी आहे. दीपमालाबाई तेथे अकरा वर्षे बाटल्यांच्या विभागात कामाला होत्या. काम चोख, हजेरी वेळेवर, तोंडातून वावगा शब्द नाही. म्हणून मॅनेजर श्रीनिवाससरांनी त्यांना मलमाच्या पॅकिंग लाइनवर सुपरवायझर केले. हाताखाली नऊ बाया आल्या, अंगावर निळा कोट आला आणि बसावयास काचेची केबिन मिळाली. सासूने गल्लीत पेढे वाटले.

दीपमालाबाईंच्या मनात मात्र धाकधूक होती. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर गेटवर रांगेत उभे राहिलो, त्या बाया आपले ऐकतील का, हा घोर त्यांना लागला. पहिल्याच आठवड्यात त्या जेवणाचा डबा केबिनमध्ये नेऊ लागल्या. सोबत जेवले तर बाया डोक्यावर बसतील, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते त्यांचे त्यांनीच ठरवले.

त्या लाइनवर दोन मलमे येत. एक सांधेदुखीचे आणि दुसरे खाजेचे. दोन्हींचे खोके सारखे, दोन्हींची लेबले हिरवी. फरक काय तो वरच्या अक्षरांचा. बाया पहिल्याला गुडघा म्हणत आणि दुसऱ्याला खाज. लाइनच्या तोंडाशी बारावी शिकलेली निशा बसे. माल बदलला की ती मान वळवून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगे.

“गुडघा आला गं.”

“माझा तर सकाळधरनंच आलाय,” शेवटच्या जागेवरून पारूबाई म्हणत. पंचावन्नच्या पुढच्या पारूबाईंकडे मोठ्या खोक्यांवर लेबल चिकटवण्याचे काम होते.

“मावशी, डाव्या हाताचा गठ्ठा घ्या.”

“घेतला, माय. तू बोलत राह्य, म्हंजे झालं.”

मग हसणे होई, कोणाच्या सुनेचा, कोणाच्या नणंदेचा विषय निघे आणि त्यात मध्येच पुन्हा निशाचा आवाज येई. केबिनच्या काचेआडून दीपमालाबाईंना शब्द ऐकू येत नसत. त्यांना दिसत ती हलणारी तोंडे.

एके दिवशी पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. लाइनजवळून जाताना ते हसत म्हणाले, “बाजार भरलाय का इथे?” आणि पुढे गेले. श्रीनिवाससरांनी फक्त एकदा केबिनकडे पाहिले. ते पाहणे दीपमालाबाईंच्या काळजात रुतून बसले. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होण्यापूर्वी त्यांनी नऊही जणींना उभे केले.

“आजपासून लाइनवर कुणी बोलायचं नाही. काम हातानं होतं, तोंडानं नाही.”

“मॅडम, मी बोलते ते कामाचंच असतं,” निशा म्हणाली.

“तूच सगळ्यात जास्त बोलतेस. तू आता पलीकडं सीलिंगच्या मशीनवर जा.”

पारूबाई हळूच म्हणाल्या, “बाई, पोरीला हितंच राहू द्या की. तिचा आवाज आसला की काम पळतंय.”

“का? तिच्या आवाजाशिवाय तुमचे हात चालत नाहीत का?”

दोघी-तिघी हसल्या. पारूबाईही हसल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

दीपमालाबाईंना जे तेव्हा ठाऊक नव्हते ते येथेच सांगणे योग्य. पारूबाईंना आणि आणखी दोघींना वाचता येत नव्हते. कामावर लावताना ठेकेदाराने त्यांच्या फॉर्मवर आठवी पास असे लिहून टाकले होते. खरे सांगावे तर काम जाणार, म्हणून त्या गप्प होत्या. निशाने ते ओळखले होते. तिने त्यांना कधी विचारले नाही आणि त्यांनी तिला कधी सांगितले नाही. ती नुसती मोठ्याने बोलू लागली. नऊ जणींची ही रीत तीन वर्षे चालली होती आणि तीन वर्षांत एक लेबल चुकले नव्हते.

आठ दिवस लाइन शांत राहिली. श्रीनिवाससर येता-जाता म्हणाले, “आता कशी शिस्त दिसते.” दीपमालाबाई त्या संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून उस्मानपुऱ्यात बहिणीकडे गेल्या आणि सरांचे वाक्य तिला जसेच्या तसे सांगून आल्या.

नवव्या दिवशी जालन्याहून बावीस खोके परत आले. वर लेबल गुडघ्याचे, आत ट्यूब खाजेच्या. दुकानदाराच्या वेळीच ध्यानात आले, म्हणून कोणाला अपाय झाला नाही. सरांचा फोन आला. “कोणाच्या हातून झालं ते संध्याकाळपर्यंत लेखी द्या.”

दीपमालाबाई घाबरल्या. अशा वेळी पारूबाईंना केबिनमध्ये बोलावून, दार लावून, शांतपणे विचारता आले असते. त्यांनी लाइन थांबवली, खोका उचलला आणि सर्वांच्या देखत तो पारूबाईंपुढे ठेवला.

“पारूबाई, यावर काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचा.”

“चष्मा घरी राह्यला, बाई.”

दीपमालाबाईंनी स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. “हा लावा. जवळचं यानं दिसेल.”

पारूबाईंनी तो दोन्ही हातांनी डोळ्यांवर चढवला. लेबलाकडे पाहिले. खोका थोडा फिरवला, पुन्हा पाहिले. पलीकडून निशा म्हणाली, “मॅडम, मी वाचते.”

“तुला विचारलेलं नाही.”

पारूबाईंनी चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि तो परत दिला.

“लई स्वच्छ दिसतंय, बाई. पण मला वाचता येत नाय.”

त्यांनी डोक्यावरची कागदी टोपी काढून टेबलावर ठेवली, हातमोजे त्यावर ठेवले आणि त्या बाहेर गेल्या. कोणी काही बोलले नाही. बोलायचे नाही असा नियमच होता.

दुपारी हात धुण्याच्या जागी निशाने दीपमालाबाईंना गाठले. “मॅडम, मी गप्पा मारत नव्हते. मी वाचत होते, तिघींसाठी.”

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार? पूर्वी असायचात तशा डब्याला आमच्यात असतात तर एखादी बोलून गेली असती. तुम्ही केबिनमध्ये जेवता.”

त्यानंतर संध्याकाळी दीपमालाबाईंनी अहवाल लिहिला. ‘पारूबाई, कामात दुर्लक्ष.’ बोलण्याच्या बंदीविषयी त्यात एक ओळही नव्हती. दीपमालाबाई आजही सांगतात की, बंदी घातली ती न कळून घातली असे एक वेळ म्हणता येईल, चारचौघांत उभे केले तेही घाबरून केले असे म्हणता येईल. परंतु अहवाल लिहिताना त्यांना सर्व ठाऊक होते आणि हात जराही थांबला नाही.

पारूबाईंना कामावरून कमी केल्याचे दुसऱ्या दिवशी कळले.  पारूबाई परत याव्यात, याशिवाय दीपमालाबाईंना दुसरे काही सुचेना. पाचव्या दिवशी त्या श्रीनिवाससरांपुढे उभ्या राहिल्या.

“सर, पारूबाईंचं दुर्लक्ष नव्हतं. लाइनवरचं बोलणं मी बंद केलं, म्हणून लेबल चुकलं.”

“बोलण्याचा आणि लेबलचा काय संबंध?”

“माल बदलला की निशा वाचून सांगायची. तिला मी हलवलं.”

“वाचून कशाला सांगायचं? बाकीच्या सगळ्या आठवी पास आहेत ना?”

दीपमालाबाई पेचात पडल्या. सगळे सांगावे, तर उरलेल्या दोघीही घरी जाणार. न सांगावे, तर पारूबाईंचा दोष तसाच राहणार.

“आहेत, सर,” त्या म्हणाल्या.

“मग झालं तर. तुम्ही नवीन आहात, मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या जागी दुसरी बाई आलीसुद्धा.”

त्यांना कोणी रागावले नाही. निळा कोट अंगावर राहिला. त्यांनी निशाला पुन्हा तिच्या जागेवर बसवले, बोलण्याची बंदी उठवली आणि डबा घेऊन बायांच्यात जेवायला गेल्या. बायांनी सरकून जागा करून दिली. मात्र दीपमालाबाई बसल्या की चाललेला विषय तेथेच मिटे आणि भाजीत मीठ कसे झाले, यावर बोलणे येई.

पुढच्या रविवारी त्या पारूबाईंच्या घरी गेल्या. मुकुंदवाडीच्या स्टेशनामागे दोन खोल्यांचे घर. पारूबाई छावणीतल्या एका खानावळीत भांडी घासायला लागल्या होत्या. हाताची बोटे पाण्याने पांढरी पडली होती. त्यांनी पाहुणीला बसायला खुर्ची दिली, आपण खाली बसल्या.

“पारूबाई, माझं फार चुकलं.”

“लेबल चुकतंच, बाई. त्याचं काय नाय. पण नऊ जणींच्या म्होरं उभं केलंत. माझ्या सुनंलाबी ठावं नव्हतं मला वाचता येत नाय ते. सोळा वर्सं मी तिच्यापुढं पेपर धरून बसत व्हते. आता तिला गल्लीत कळलं.”

दीपमालाबाई म्हणाल्या, “मी तुम्हांला वाचायला शिकवते. रोज येते. पाहिजे तर इथंच बसू.”

“तुमच्याकडनं नाय शिकायची मी,” पारूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “च्या घ्या. निवतोय.”

त्यांनी चहा घेतला. उठताना पाया पडावे असे त्यांच्या मनात आले. परंतु तसे केले तर पारूबाईंना पुन्हा एकदा कोणापुढे तरी अवघडल्यासारखे होईल, असे वाटून त्या तशाच निघाल्या.

त्याच वर्षी त्यांनी विहारात साक्षरता वर्ग सुरू केला. कंपनीतून सुटल्यावर त्या थेट तेथे येतात. लाइनवरच्या वाचता न येणाऱ्या त्या दोघी पहिल्या दिवसापासून आल्या. आता त्यांचे लेबल त्या स्वतः वाचतात. वर्गात दीपमालाबाई कोणालाही उभे करून वाचायला लावत नाहीत. ज्याला वाचायचे आहे त्याच्याजवळ जाऊन बसतात आणि त्याचा आवाज दुसऱ्याला ऐकू जाणार नाही इतके जवळ कान नेतात. एकदा एक आजोबा चेष्टेने म्हणाले, “बाई, तुम्ही मास्तरीण हाय का चोरून ऐकणारी शेजारीण?” सगळा वर्ग हसला. त्याही हसल्या, पण डोळे खालीच होते.

पारूबाई मात्र कधी आल्या नाहीत. हे लिहिणारी त्यांच्याच गल्लीत राहते, हे दीपमालाबाईंना पहिल्यापासून माहीत होते. वर्षभर त्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मग एकदा वर्ग सुटल्यावर, फळा पुसता पुसता, मागे न वळता त्या म्हणाल्या, “वच्छलामावशी, येत्या शनिवारपासून शनिवारचा वर्ग निशा घेईल. मी त्या दिवशी विहारात येणार नाही. तेवढं पारूबाईंच्या कानावर घाला.”